मापाचा जुना कागद

आमच्या मास्तरांना व्यसनं दोनच. एक चहा, आणि दुसरं पेपराच्या संपादकांना पत्रं लिहिणं. चहा मी भांडून भांडून दिवसाला चार कपांवर आणलाय. पत्रांपुढे मात्र हात टेकले.

लग्नाला एकतीस वर्षं झाली आमच्या. तेवढ्यात ह्यांनी कशाकशावर पत्रं लिहिली म्हणून सांगू! गटाराचं झाकण, पोस्टातलं वाळलेलं पेन, रविवारच्या पुरवणीतल्या कुणा नटाच्या कोटाला उलट्या बाजूला लागलेली बटणं. पत्र लिहितात चांगलं चार पानी. छापून येतात दोन ओळी. मग हे गळ्यातली टेप काढतात, छापलेल्या पत्राला लावतात आणि म्हणतात, "दीड इंच. आणि शेजारी टक्कल घालवायच्या तेलाला नऊ इंच!" मी म्हणते, अहो, गावात टकलं जास्त आहेत, तुमच्यासारखे रिकामटेकडे कमी.

रिकामटेकडे म्हणते ते रागानं. तसे ते कामाचे पक्के. रस्त्याला लागून आमचं शिवणाचं दुकान, एका खोलीचं. दोन मशीनी, एक लांब कापायचं टेबल, आणि मागे इस्त्रीचं टेबल, जिथे काज-बटण, हेम आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे माझं खातं. वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. कापडाला कात्री लावायच्या आधी मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचा कागद कापतात. पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर, सगळं कागदाचं. आणि कागद म्हणजे काय, जुने पेपर. त्यावर पेन्सिलीनं नाव लिहायचं, तुकडे दोऱ्यात ओवायचे आणि भिंतीवरच्या खुंटीला लटकवायचे, म्हणजे ते गिऱ्हाईक पुन्हा आलं की पुन्हा माप घ्यायला नको. चाळीस खुंट्या आहेत आणि एकेकीवर दहा-बारा माणसं टांगलेली. टाकायचं म्हणून नाव नाही. माणूस जगातून गेला तरी आमच्या भिंतीवर ठणठणीत असतो.

आता भाचीचं सांगते. माझ्या नणंदेचं मोठं मूल. जन्मली तेव्हा सगळ्यांनी मुलगा झाला म्हणून धरलं, नाव तसं ठेवलं, वाढवलं तसं. ते नाव मी इथे सांगणार नाही. तुम्हाला काय करायचंय? मोठी झाल्यावर सहा वर्षं मालाचा ट्रक चालवला तिनं. मग तीन वर्षांपूर्वी एक दिवस आली, केस मानेवर, कानात बारीक डूल, आणि म्हणाली, "मामी, मी ही अशी आहे. आधीपासूनच होते. आता लपवणार नाही." मी म्हटलं, "बरं. आधी हातपाय धू, चहा टाकते." नंतर ती मला कित्येकदा म्हणाली की तेवढं बोललीस ते फार झालं. खरं सांगायचं तर मी वेळ काढत होते. पण चहा उकळेपर्यंत माझं ठरलं होतं.

मास्तर त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वरची एक खोली रिकामी करून दिली. कळलं का? असा आहे हा माणूस. चार पानं संपादकाला, आणि घरातल्यांना चार शब्द नाहीत.

आठ महिन्यांपूर्वी भाचीला शहराच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली. चौदा नंबरची बस. डेपोतून गणवेशाचं कापड मिळालं, दोन शर्टांपुरतं, आणि ती ते घेऊन धावत दुकानात आली. "मामा, तूच शिवायचेस!" मामा म्हणाले, "हो हो, ठेव." ती गेल्यावर मी बघते तर हे टेबलाशी नुसते उभे. कारण माप घ्यायचं म्हणजे नवा कागद कापायचा, आणि नव्या कागदावर नाव लिहायचं. ते नाव लिहायला ह्यांची पेन्सिल उठेना. शेवटी खुंटीवरून तिचा जुना कागद काढला, ती ट्रकवर जायची तेव्हाचा, जुन्या नावाचा, कापडावर पसरला आणि लावली कात्री.

शर्ट अंगात घातला तर काय! खांदे लोंबतायत, पुढची बटणं लागत नाहीत, बाहीचे मुंढे भलतीकडेच. भाचीनं आरशात पाहिलं, मग मामाकडे पाहिलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, मी समोर उभी होते ना रे."

तीस-पस्तीस वर्षं कात्री धरलेला माणूस! त्या दिवशी चारापैकी एकही चहा घेतला नाही. संध्याकाळी तिला बोलावलं, समोर उभं केलं, एकेक माप घेतलं. मी लिहून घेत होते तर माझ्या हातातनं पेन्सिल काढून घेतली आणि वरती स्वतः नाव लिहिलं, तिचं नाव, ठळक. कापड पुरेना म्हणून तीन दुकानं पालथी घातली. रंग जवळपास जुळला. उन्हात नीट पाहिलंत तर एका शर्टाची पाठ किंचित फिकी दिसते. ती म्हणते, तोच शर्ट माझ्या आवडीचा.

आठ महिने कसे मजेत गेले. पहाटे ही बाई शीळ वाजवत जिना उतरायची. चौदा नंबरच्या थांब्यावरच्या म्हाताऱ्या तिला सांगायच्या की आधीचा ड्रायव्हर आम्ही नीट बसायच्या आत गाडी सोडायचा, तू बरी आहेस हो. आणि मग एका सोमवारी पेपरात ते आलं.

"काल 'तो', आज 'ती', हाती बस!" हा मथळा. खाली तिचं जुनं नाव, चार वेळा. शाळेच्या ग्रुप फोटोतनं कापून काढलेला मिसरूड फुटलेला चेहरा. कुठली शस्त्रक्रिया झाली, कुठली व्हायचीय ह्याच्या चौकश्या. "प्रवाशांमध्ये कुजबुज" असंही होतं, पण कुजबुजणाऱ्याचं नाव एकाचंही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला! बस ती कशी चालवते ह्यावर मात्र अक्षर नाही. आणि बाजूला आणखी एक फोटो: आरशासमोर ओठ रंगवणारी कुणीतरी पाठमोरी बाई.

डेपोत दोन निनावी तक्रारी आल्या. मॅनेजर माणूस वाईट नाही, पण भित्रा. म्हणाला, "हवा शांत होईपर्यंत गाडी नको. पुढच्या सोमवारी बैठक आहे, त्यात कायमचं काय ते ठरेल." तोवर भाचीला बसवलं हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. संध्याकाळी घरी येऊन ती हसत हसतच सांगत होती, "मामी, त्रेचाळीस छत्र्या आहेत आणि एक कवळी. कवळी कोण विसरतं गं बसमध्ये?" हसली, आणि जेवता जेवता उठून वर गेली. सोमवारी बैठकीत खोलीच कायम झाली तर तिचं स्टिअरिंग गेलं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मास्तरांनी त्याच दिवशी सहा पानी पत्र लिहिलं. गुरुवारी छापून आलं. वाचून दाखवते: "बसचालकाविषयीची बातमी वाचली. शहरातल्या बस वेळेवर धावाव्यात ही अपेक्षा. एक जागरूक वाचक." झालं! ध चा मा केला की हो मेल्यांनी! म्हणजे जणू हीच उशिरा येते. ह्यांनी टेप लावली. एक इंच. चेहरा असा पडला की मला चेष्टा करवेना.

पण मग काय झालं, टेप उचलताना ह्यांची नजर पुन्हा सोमवारच्या अंकातल्या त्या पाठमोऱ्या बाईवर गेली. चष्मा पुसला. भिंग आणलं. "अगं, ही मला माहीत आहे."

"कोण? कुठली? कधीपासून?" मी.

"तसं नाही गं! हा ब्लाउज. डावा खांदा पाऊण इंच उतरलाय, आणि शिवण दाबून टाकलीय. असलं काम एकदा बघितलं की विसरत नाही मी. हा फोटो मी आधी पाहिलाय. कापलाय!"

आणि सुटले की भिंतीकडे. डॉक्टरीणबाईंच्या कागदी बाहीत सापडली ती पाठमोरी बाई, सात वर्षांपूर्वीची. बँकेतल्या साहेबांच्या पँटच्या पुढच्या भागात सापडली. मुख्याध्यापिकाबाईंच्या कॉलरमध्ये नुसता आरसा, बाई कात्रीत गेली होती. एकच फोटो, दरवेळी! भाचीसारख्या माणसांवरच्या, जवळजवळ अकरा वर्षांतल्या बातम्या निघाल्या अशा. कुठे मुंढ्यानं अर्धी बातमी खाल्लेली, कुठे बटणपट्टीत मथळा. शुक्रवारी दुपारपर्यंत हे टेबलावर वाकून टेप लावत होते आणि मी आकडे लिहीत होते. मग दुकानाला कुलूप लावलं, सगळं बोचक्यात बांधलं आणि आम्ही निघालो पेपराच्या कचेरीत. मी कशाला? अहो, ह्यांना एकट्याला सोडलं असतं तर नमस्कार करून परत आले असते.

खालच्या बाकड्यावरचा माणूस म्हणाला, तक्रारीचा फॉर्म भरा, पंधरा दिवसांत उत्तर येईल. मी म्हटलं, "दादा, पंधरा दिवसांत मी इथेच बसून दोन स्वेटर विणीन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण सांगीन. बघा बुवा." त्यानं फोन उचलला.

संपादक साठीचे, अंगात रेडिमेड कोट, खांदे अर्धा इंच बाहेर. मास्तरांना ते बघवत नव्हतं, मी कोपरानं ढोसलं म्हणून गप्प राहिले. "तुम्हीच का ते पत्रवाले?" संपादक हसले. ह्यांनी बोचकं सोडलं आणि त्यांच्या त्या मोठ्या टेबलावर माणसं मांडली: बाह्या, कॉलरी, पाठी, पाटलोणी.

"साहेब, मी शिकलेला नाही फार. मला मोजता येतं. माझ्याकडे निघालं त्यात अशा माणसांवर तुम्ही छापलंत दोनशे बारा इंच. त्यात नुसता हा एक फोटो एकतीस इंच. आणि त्या माणसांचं स्वतःचं बोलणं," टेपवर ह्यांनी अंगठा दाबून धरला, "साडेतीन इंच. त्यातही दोन इंच 'बोलण्यास नकार दिला' हे. कुणाबद्दलही छापा, छापू नका कोण म्हणतंय? पण माणूस समोर उभा असताना माप कपाटातल्या चिंधीचं घेता?"

वा! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि तेवढ्यात संपादकांनी ढिगातला एक कागद उचलला, शर्टाचा पुढचा भाग. उलटसुलट केला. भुवया वर.

"हे नाव आमच्याच बातमीतलं ना? ह्याच अक्षरात तुमची पत्रं येतात."

घाईघाईत भाचीचा तो जुना कागद बोचक्यात आला होता. जुनं नाव, ह्यांच्याच हातचं, पेन्सिलीनं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी काहीतरी थाप मारणार होते, तोंड उघडलंही.

मास्तरच बोलले. "हो. माझंच अक्षर. तुम्ही केलीत ती चूक मी आधी केली. ती समोर उभी होती, आणि मी ह्या कागदावरून तिचा शर्ट कापला. का? तर तिचं नाव लिहायची लाज वाटली मला. साहेब, खोटं कशाला बोलू, लाजच वाटली. कापड वाया गेलं. मी तीन दुकानं हिंडलो, पुन्हा माप घेतलं, पुन्हा शिवलं. ती एवढी मोठ्या मनाची की मिरवते तो शर्ट." ह्यांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. "माझं कापड होतं, मी बदललं. तुम्ही जे कापलंत ते तिचं आयुष्य आहे हो. सोमवारी तिच्या हातची बस जाणार."

संपादकांनी तो कागद घडी घालून ह्यांच्या हातात दिला, नाव आत येईल अशी. तिथे मला तो माणूस थोडा बरा वाटला. ज्या पोरीनं बातमी लिहिली तिला त्यांनी बोलावलं. तिशीही उलटली नसेल तिची. म्हणाली, "मी फोन केला होता. त्या बोलायला नको म्हणाल्या."

"नको म्हणाली म्हणजे नको!" माझा आवाज जरा चढलाच. "नको म्हणालं की तिच्या शाळेतनं फोटो काढून आणायचा असतो होय गं?"

तिनं मान खाली घातली. संपादक म्हणाले, "एक खुलासा छापू आम्ही. आतल्या पानावर. दोनेक इंच."

"भोक सोळा इंचांचं आणि ठिगळ दोन इंचांचं?" मास्तर. "असं कुठे रफू होतं का?"

"बरं बाबा. तुम्हीच सांगा काय छापू. सांगा, घेतो लिहून."

झालं! एकतीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला. मास्तरांनी खाकरून घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्याकडे पाहिलं. मला कळलं काय ते. इथे येण्याआधी आम्हीही तिला विचारलं नव्हतं.

"फोन करायचाय मला," हे म्हणाले.

फोनवर भाचीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "मामा, तू कुठे आहेस म्हणालास? आणि मला न सांगता?" मागे कुणीतरी छत्री शोधत होतं. मग ती म्हणाली, "लिहून घे म्हणावं. माझं नाव नीट लिहा. मी चौदा नंबर चालवते. आठ महिन्यांत एक दिवस उशीर नाही, एक ओरखडा नाही. म्हातारी माणसं बसल्याशिवाय गाडी सोडत नाही. फोटो हवा असेल तर बसचा काढा, ती माझ्यापेक्षा छान दिसते. बाकीचं माझं मला. आणि मामा, मामीला म्हणावं ओरडू नकोस तिथे."

मी कुठे ओरडत होते?

निघताना मास्तरांनी कागद गोळा केले. डॉक्टरीणबाईंचा ब्लाउज त्याच आठवड्यात द्यायचा होता. दारात थबकून संपादकांना म्हणाले, "कोट घेऊन या एकदा. खांदे बसवून देतो." काय म्हणावं ह्या माणसाला!

रविवारी आलं. पहिल्या पानावर नाही, तिसऱ्यावर, पण वरच्या अर्ध्यात. चूक कबूल केली होती, साध्या शब्दांत. तिचं नाव नीट. तिचे शब्द जसेच्या तसे. बसचा फोटो. खाली मास्तरांचं गुरुवारचं पत्र, ह्या वेळी पूर्ण, ओळ न ओळ. मी टेप पुढे केली तर म्हणाले, राहू दे. दुपारी मी झोपले असं समजून मोजलंन्. सतरा इंच.

सोमवारची बैठक वीस मिनिटांत उरकली. मॅनेजर भाचीला म्हणाला, "एकदाही उशीर नाही? हे मला पेपर वाचून कळलं." आता बोला! हजेरीचं रजिस्टर ह्याच्याच टेबलावर, आठ महिने! काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर असंही कळलं की थांब्यावरच्या म्हाताऱ्यांपैकी चौघी सकाळपासून डेपोच्या फाटकात बसून होत्या, आमची ड्रायव्हर द्या म्हणून. पेपरामुळे झालं की म्हाताऱ्यांमुळे, मला ठाऊक नाही. चौदा नंबर परत मिळाली एवढं खरं.

तो जुना कागद मास्तरांनी शुक्रवारीच तिच्या हातात ठेवला होता. "हा मी ठेवायचा की टाकायचा, हे माझं काम नाही," म्हणाले. तिनं बघितला, नावावरून एकदा बोट फिरवलं आणि बॅगेत घातला.

मंगळवारी सकाळी सहा चाळीसची पहिली फेरी. आम्ही दोघं डेपोत हजर, तिकिटाची सुटी नाणी मुठीत. बसच्या पुढच्या काचेवर आठवडाभराची धूळ बसलेली. भाचीनं बाटलीतलं पाणी मारलं, बॅगेतनं तो शर्टाचा कागद काढला, चुरगाळला, आणि लागली काच पुसायला. गोल गोल, वरपासून खालपर्यंत.

"अगं..." मास्तर पुढे झाले.

"मामा, पेपरानं काच स्वच्छ निघते तशी फडक्यानं नाही निघत," ती म्हणाली. काळा पडलेला बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात झटकले आणि वर चढून बसली. "चला, दारात उभं राहू नका. वेळ झाली."

आम्ही तिच्या मागच्याच बाकावर बसलो. बस फाटकातनं बाहेर पडली, समोरनं ऊन आलं, स्वच्छ काचेतनं सगळं आत. पहिल्याच थांब्यावर एक म्हातारी चढली, आणि ती टेकेपर्यंत गाडी हलली नाही. मी शेजारी बघते तर ह्यांच्या डोळ्यांना धार लागलेली.

"अहो, रडताय काय असे लोकांत?"

"रडत नाही गं," म्हणाले, आणि पुढे तिच्या पाठीकडे बोट केलं. "खांदे बघ. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही."